सिडनीची मॅच संपली की ये

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. मुलीपाशी नाही, नागपूरला रोज फोन करणाऱ्या बहिणीपाशीही नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. तीस वर्षं मी शाळेत गणित शिकवलं. उदाहरणातली पायरी गाळली की मार्क कापणारी बाई मी — आणि इथे मला पहिली पायरी कुठली तेच सापडत नाही.

माझी मुलगी सुजाता न्यू जर्सीत, पिस्कॅटवेला राहते. तिच्या बाळंतपणासाठी मी नोव्हेंबरात इथे आले — आपल्याकडच्या आया येतात तशीच, बॅगेत डिंक, अळीव, सुंठ घेऊन. जावई इंग्लंडचा. मार्टिन त्याचं नाव. उत्तरेकडच्या कुठल्याशा गावचा, उंचापुरा, आणि अर्धे शब्द घशातच ठेवून बोलणारा. विमानतळावर तो माझ्याशी बरंच काही बोलला आणि मला एक अक्षर कळलं नाही. आता इंग्रजी मला येतं हो! वाचता येतं, लिहिता येतं, शाळेचे सरकारी कागद मीच लिहायची. पण हे इंग्रजी? मी नुसती हसले. सुजाताने त्याला सांगून टाकलं की आईला तुझे उच्चार कळणार नाहीत, मनावर घेऊ नकोस.

तेव्हा ते खरं होतं. हे लक्षात ठेवा — नाही, नका ठेवू. माझ्या बाजूचे पुरावे मला द्यायचे नाहीत.

डिसेंबरच्या सुरुवातीला नात झाली. सिझेरियन. टाके चिघळले, ताप येऊ लागला, आठवडाभरात सुजाता अर्धी झाली. संध्याकाळ झाली की ती आणि बाळ वरच्या खोलीत झोपत. खाली मी आणि मार्टिन. साडेसहाला तो टीव्ही लावायचा. इंग्लंडची टीम ऑस्ट्रेलियात गेली होती, पाच टेस्टची सिरीज होती. पहिल्या दोन कधी झाल्या ते बाळंतपणाच्या गडबडीत मला कळलंच नाही. तिसरीला, ॲडलेडच्या टेस्टला, मी अळीव निवडत त्याच्या शेजारी बसले आणि मग रोजच बसू लागले. मैदानावर सकाळ, आमच्याकडे तिन्हीसांज, आणि तिकडे इंग्लंडात मार्टिनच्या वडिलांकडे झोपायची वेळ टळून गेलेली. व्याही एकटेच राहायचे, अंथरुणात पडून रेडिओवर कॉमेंट्री ऐकायचे. ड्रिंक्सला, लंचला मार्टिन त्यांना फोन लावायचा. स्पीकरवर, कारण हातात बाळाचे लंगोट असायचे घडी घालायला.

क्रिकेट मला कळतं. सुजाताचे बाबा होते तोवर आम्ही एकही मॅच सोडली नाही. स्लिपमध्ये कॅच सुटला की माझ्या तोंडून "अरेरे" निघायचं आणि मार्टिन खूश व्हायचा. इंग्लंड हरत होतं. भारत सोडून दुसऱ्या कुणासाठी मी जन्मात कधी जीव टांगणीला लावला नव्हता, आणि इथे त्यांच्या आठव्या नंबरच्या फलंदाजासाठी श्वास रोखून बसायची. माझंच मला नवल वाटायचं.

आणि त्या कॉमेंट्रीने माझा कान तयार केला. आधी आकडे कळू लागले, मग तुकडे, मग वाक्यं. एक दिवस व्याह्यांनी फोनवर विचारलं, पोरीचं नाक कुणावर गेलंय, आमच्यावर नाही ना गेलं? — आणि मार्टिनच्या आधी मला हसू आलं. ते मी खोकल्यात दडवलं.

का दडवलं? खरंच सांगता येत नाही. उद्या सांगू, परवा सांगू, असं झालं. खरं होतं ते खोटं नेमक्या कुठल्या दिवशी झालं? मी रोज सकाळी वंदना घेते. पंचशीलातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं. ते म्हणताना मला काही टोचत नव्हतं. मी बोलतच नव्हते, तर खोटं कुठून बोलणार?

मार्टिन मात्र माझ्याशी बोलू लागला होता. मला कळत नाही म्हणूनच — माणूस घरातल्या मांजराशी बोलतो तसा. लहानपणचं सांगायचा, गेलेल्या आईचं सांगायचा. वडिलांची फुप्फुसं आता चालत नाहीत, हेही त्याने मलाच सांगितलं. सुजाताला नाही. तिचा ताप उतरू दे, मग सांगू, असं त्याचं चाललं होतं. म्हणजे त्या घरात ही गोष्ट दोघांनाच माहीत होती. आणि त्याच्या मते एकट्यालाच.

मेलबर्नची टेस्ट आमच्याकडे नाताळच्या संध्याकाळी सुरू झाली. लंचला त्याने फोन लावला. व्याह्यांना वाक्य पुरं करता येत नव्हतं, मध्येच धाप लागत होती. तरी म्हणाले, "आता बायकोपाशी थांब. सिडनीची मॅच संपली की ये." फोन ठेवून मार्टिन माझ्याकडे वळला. "मी काय करू, आई?" — आई एवढा एकच मराठी शब्द त्याला येतो — "ते म्हणतात सिडनीनंतर ये. त्यांच्याकडे येणारी नर्स म्हणते थांबू नका, आत्ताच निघा. सुजाताला सांगितलं तर ती टाक्यांसकट उठून माझी बॅग भरेल. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?" आणि मग स्वतःशीच हसला. कुणाला विचारतोय मी, असं.

मी डब्यातला डिंकाचा लाडू काढून त्याच्यापुढे धरला.

जा — एवढंच म्हणायचं होतं. गो. हा शब्द तर पहिलीतल्या पोरालाही येतो. इंग्रजी न कळणाऱ्या सासूनेही तो म्हटला असता तर त्यात काय नवल होतं?

कारणं मी पुष्कळ जमवली. मला गाडी चालवता येत नाही. बाहेर बर्फ. सुजाताचा ताप पुन्हा चढला तर मी काय करणार? सगळं खरं, पण दोन घरं सोडून राहणाऱ्या पाटीलकाकू रोज विचारत होत्या, काही लागलं तर सांगा, मी गाडी काढते. तेव्हा ती कारणं राहू द्या. मला वाटतं — वाटतं एवढंच म्हणते — मला त्या संध्याकाळी हव्या होत्या. सुजाताचे बाबा गेल्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून माझ्याशी सगळे बोलतात ते बीपीचं, गोळ्यांचं, जेवलीस का, एवढंच. मनातलं कुणी सांगत नाही. मी "जा" म्हटलं असतं तर तो गेला असता, आणि त्याला कळलं असतं की ही बाई सगळं ऐकत होती. मग तो पुन्हा माझ्याशी असा कधीच बोलला नसता. एवढ्यासाठी? एका माणसाचा बाप मरायला टेकलेला असताना एवढ्यासाठी? की हेही मी आता बसल्या बसल्या शोधलेलं कारण आहे? माझा गोंधळ सुटत नाही.

वर्ष संपता संपता सुजाताने एकदा सरळच विचारलं, "आई, मार्टिन एवढा अपसेट का असतो गं? त्याचे डॅड ओके आहेत ना? तुझ्यासमोरच तर फोन करतो तो."

"मला काय कळतंय त्याचं बोलणं?" मी म्हणाले. "हरतायत ना, क्रिकेटचंच असेल."

हे मात्र मी बोलले. तोंडाने, स्पष्ट, मराठीत.

सिडनीच्या तिसऱ्या दिवशी लंचला त्याने फोन लावला. कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. थोड्या वेळाने नर्सचाच फोन आला, तोही त्याने स्पीकरवर घेतला. तिचं बोलणं मला पहिल्या वाक्यातच कळलं. मार्टिन फोन हातात धरून खाली जमिनीवर बसला, आणि मी सोफ्यावर तशीच बसून राहिले, काय झालं ते कळायला मला अजून वेळ आहे अशी. टीव्हीवर खेळ पुन्हा सुरू झाला होता.

आवाज ऐकून सुजाता पोटाशी हात धरून जिना उतरली. त्याने तिला सगळं सांगितलं — आजार, नर्स, नाताळचा फोन. ती रडत म्हणाली, मला का नाही सांगितलंस, मी तुला त्याच रात्री पाठवलं असतं. त्याने माझ्याकडे बोट केलं आणि तिला म्हणाला, आई होत्या म्हणून मी निभावलं. त्यांना एक शब्द कळत नव्हता, तरी रोज माझ्यापाशी बसल्या.

सुजाता माझ्याकडे वळली आणि तो काय म्हणाला ते मला मराठीत सांगू लागली. मी तिच्या तोंडाकडे बघत, चेहरा कोरा ठेवून, तिचं सांगून होईपर्यंत थांबले. मग रडले.