दुसऱ्या हाताची खूण

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा बसच्या वर्कशॉपात फिटर होता आणि नाकावर माशी बसू देत नसे. निवृत्तीनंतरही घरच्या गाडीला त्याने कधी परका हात लागू दिला नाही. बाहेरचे मेकॅनिक म्हणजे सगळे हातोडीवाले, असं त्याचं ठाम मत.

वर्कशॉपचा एक नियम मात्र त्याने घरी आणला होता. बोल्ट ज्याने आवळला त्याने त्यावर खूण करायची नाही. दुसऱ्याने पाना लावून तपासायचं, मगच रंगाची रेघ ओढायची. घरात हा दुसरा माणूस म्हणजे माझी बहीण. तो हत्यारं पुसत असे तोवर ती चाकाशी बसून पाना लावायची आणि नेलपॉलिशची लाल रेघ ओढायची. स्वतःची नखं कोरी, नटतात बोल्ट, असं मी तिला चिडवायचे.

बहीण गेली आणि त्याच वर्षी गाडीचं पुढचं चाक खडखडू लागलं. खड्डा आला की डब्यात चमचे हलवल्यासारखा आवाज. त्याने गाडी जॅकवर घेतली, चाक काढलं, ब्रेकचा कॅलिपर उतरवला. पॅड धरून ठेवणाऱ्या क्लिपा सैल पडल्या होत्या. नव्या बसवल्या, पिनांना ग्रीस लावलं, कॅलिपरचे दोन्ही बोल्ट आवळले. त्याची सून याच गाडीने कामावर जायची. ती म्हणाली, बाबा, पाना मी लावून बघते. त्याने नेलपॉलिशची बाटली खिशात टाकली.

"ती तुझ्या सासूची जागा आहे," तो म्हणाला, आणि रेघ स्वतःच ओढली.

खडखड थांबली. काही दिवस तो मिशांना पीळ देत फिरला. मग एका उतारावर खालचा बोल्ट निखळला, कॅलिपर उलटून चाकात अडकला आणि गाडी भिंतीवर गेली. सुनेच्या गुडघ्याचा चुरा झाला. ती काठी घेऊन चालते आणि यापुढेही तशीच चालणार. डॉक्टरांनी हे फार गोड शब्दांत सांगितलं. मला तेवढा दम नाही.

मुलगा बापाशी बोलेना. बाप एकच धोशा लावून बसला: बोल्टच खराब होता, माझा हात चुकत नाही. गाडी दुरुस्त होऊन आली तशी त्याने पुन्हा चाक काढलं, बोल्ट सोडून स्वतः आवळले आणि सुनेला हाक मारली. नवरा नको म्हणत असताना ती आली. काठी माझ्या हातात दिली, स्टुलावर बसून वाकली, पाना लावला.

पाना सहज फिरला.

"बाबा, हा सैल आहे." दुसराही सैलच निघाला.

त्याने आपली बोटं पाहिली. मधुमेहाने ती कधीच बधिर झाली होती. वाफाळता पेला तो मुठीत धरून बसायचा आणि आम्ही अडाण्यासारखे म्हणायचो, काय दणकट हात.

"म्हणजे ती नुसतं बघत नव्हती," तो म्हणाला. "आवळत होती."

एवढी बडबडी माझी बहीण, पण हे माझ्याकडेही बोलली नाही. नवऱ्याचा मान राखला. त्याची किंमत मोजली सुनेच्या पायाने. मेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये म्हणतात. म्हणू देत.

सुनेने दोन्ही बोल्ट घट्ट केले. त्याने बाटली पुढे केली. तिने घेतली नाही.

"आवळले मी. खूण माझी चालत नाही."

"मग कोणाची?"

"हातोडीवाल्याची," ती म्हणाली, आणि काठीसाठी माझ्याकडे हात केला.