टॅबभोवतीची चार डोकी

माझ्या दुसरीच्या वर्गात चौघांत मिळून एक टॅब असतो. परवा त्यावर बाजाराचं चित्र काढायचं होतं. मुक्ता म्हणाली, "भाजीवाली खाली बसलेली काढ. माझी आई खालीच बसते." समीर ऐकेना. "खुर्ची देऊया ना तिला, पाय दुखत असतील." आवाज चढले. तास संपत आला होता, म्हणून मी ओरडले, "गप्प बसा! आधी चित्र पुरं करा!" समीरने एकट्याने मुकाट रंग भरले. चित्र सुबक झालं. मी कौतुकही केलं.

काल नव्या चित्राच्या वेळी मीच म्हटलं, "बोला रे, एकमेकांना विचारून काढा."

मुक्ता हात मांडीवर ठेवून म्हणाली, "नको बाई, समीरलाच काढू दे."

तिला गप्प करायला माझं एक वाक्य पुरलं होतं. बोलतं करायला किती लागतील, कोण जाणे.