मामंजींचं चोरटं हसू

आमचे मामंजी हसत नसत. मुरुडच्या बाजारात ही गोष्ट भरती-ओहोटीइतकी पक्की धरलेली होती. माझं लग्न ठरलं तेव्हा म्हसळ्याच्या मावशीने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "मुलगा चांगला, वाडी चांगली, सासू तर गरीब गाय. फक्त जेवताना सासऱ्याच्या तोंडाकडे बघू नकोस, घास उतरायचा नाही."

सगळं गाव त्यांना भाऊ म्हणे. गावातले तंटे कचेरीत जाण्याआधी आमच्या ओटीवर येत. कुणाचा बांध सरकलेला असे, कुणाच्या वाडीत शेजाऱ्याचे नारळ पडत, कुणी कुणाचं जाळं फाडलेलं असे. मामंजी लांब मान ताठ करून, पांढरंशुभ्र धोतर सावरत झोपाळ्यावर बसत आणि एक अक्षर न बोलता दोघांकडे बघत. त्या बघण्यानेच निम्मं भांडण विरघळे. "हसऱ्या माणसाचा निवाडा कुणी ऐकत नाही, सूनबाई," असं ते मला अधूनमधून बजावत. मी काही निवाडे करायला निघाले नव्हते, पण मान डोलवत असे.

दिवाळी उलटली की समुद्राकाठच्या मैदानात सिनेमाचा तंबू लागे. मोठा सिनेमा सुरू होण्याआधी, उशिरा येणाऱ्यांची वाट बघता बघता, तंबूवाला एक छोटं कार्टून दाखवी. कुठल्याशा परदेशी मालिकेची रिळं त्याच्या हाती लागली होती आणि तीच तो आलटूनपालटून लावी. त्यात एक लांब पायांचा बगळा होता आणि एक अंगठ्याएवढा खेकडा. बगळा मोठ्या रुबाबात खेकडा खायला यायचा आणि नांगी लावून घेऊन परत जायचा, प्रत्येक रिळात एवढंच. बोलणं अजिबात नाही, नुसती वाजंत्री. त्यामुळे इंग्रजी शिकलेला पोस्टमास्तर आणि सही न येणारी कोळीण यांना ते सारखंच कळे. पोरं बगळ्याच्या पडण्याला हसत. कोळणी नांगीला हसत, कारण ती प्रत्येकीने कधी ना कधी बोटावर सोसलेली होती. पोस्टमास्तर नुसतं पोट हलवून हसत.

मामंजी या खेळाला रोज जात. "पोरांबरोबर मोठं माणूस हवं," हे त्यांचं कारण. आमच्या घरात तेव्हा पोर नव्हतं, म्हणून ते शेजाऱ्यांची पोरं मागून नेत. एका आठवड्यात आळीतल्या सगळ्या पोरांना गोवर निघाला. मामंजी दोन दिवस पिंजऱ्यातल्या वाघासारखे फेऱ्या मारत राहिले आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मला म्हणाले, "सूनबाई, चल. तुला गाव दाखवतो." त्यांनी मला गाव दाखवलं ते तंबूतल्या अंधारात.

बायकांची आणि पुरुषांची बसायची जागा वेगळी, मध्ये नुसता दोर. मामंजी दोरापलीकडे, मी अलीकडे. बगळा शेवाळावरून घसरला आणि पलीकडून जुन्या रहाटासारखा आवाज यायला लागला. त्यांना ठसका लागला असं वाटून मी घाबरले. नीट बघते तर त्यांनी उपरण्याचा बोळा तोंडात कोंबला होता आणि खांदे गदागदा हलत होते. रीळ संपलं, मोठा सिनेमा लागला, तसे डोळे पुसत उठले. "चल. आता रडारड सुरू होईल."

वाटेत मी धीर करून विचारलं, "बगळा पडला म्हणून हसलात का?"

"पडतात सगळेच, गं," ते म्हणाले. "पण पडल्यावर तो मान वळवून बघतो ना, कुणी पाहिलं का म्हणून? आणि मग काही झालंच नाही अशा थाटात पिसं सावरून चालायला लागतो. तिथे मला राहवत नाही." एवढं बोलून त्यांनी मान ताठ केली, धोतर सावरलं आणि लांब ढांगा टाकत माझ्या पुढे चालायला लागले. मी घरापर्यंत पदर दातांत धरून आले.

तेव्हापासून मी त्यांची कायमची सोबतीण झाले. अट एकच होती, की हे कुठे बोलायचं नाही. गावाला कळलं तर ओटीवर कोण येणार, हा त्यांचा घोर.

आणि एके संध्याकाळी कळलंच. बगळा ऐन पडतापडता रीळ तुटलं आणि ऑपरेटरने झटकन खांबावरचा दिवा लावला. मामंजींचं तोंड सताड उघडं होतं. उपरणं खाली पडलेलं. एक हात मांडीवर थापा मारत होता आणि दुसऱ्याने त्यांनी शेजारी बसलेल्या दुकानदार कासमशेटचा खांदा धरला होता. याच कासमशेटला त्यांनी सकाळी ओटीवर, वजनात मारतोस म्हणून, चारचौघांत झाडलं होतं. मामंजींनी मान वळवून कुणी पाहिलं का ते बघितलं. सगळ्यांनीच पाहिलं होतं. मग धोतर सावरून ते बाहेर चालू लागले. एरवी मी हसून लोळले असते, पण त्यांचा चेहरा इतका उतरला होता की मी तशीच उठून मागे धावले.

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या पाळीवरून भांडणारे दोघे भाऊ आले, त्यांना मामंजींनी आतूनच परत पाठवलं. पाठ धरलीय म्हणाले. भाताला हात लावला नाही. "आता माझं कोण ऐकणार?" एवढंच पुटपुटले.

"एकदा दात दिसले तर आभाळ कोसळलं का मेलं!" सासूबाई चुलीशी करवादल्या. दुपारी मात्र नवं लुगडं नेसून, हळदीकुंकवाला जाते म्हणून बाहेर पडल्या. त्या दिवशी गावात कुणाकडेच हळदीकुंकू नव्हतं, हे मला पक्कं माहीत होतं.

संध्याकाळी पहिली आली ती कोळीवाड्यातली हिराबाय. पाटी ओटीखाली ठेवून आतल्या अंधाराकडे तोंड करून ओरडली, "भाऊ, काल दिवा लागला तवा माज्या डोल्यान कचरा गेलता. मना काय बी दिसला न्हाय!" मागोमाग कासमशेट. "अल्लाशपथ भाऊ, मी तर खाली चप्पल शोधत होतो." खुद्द त्याचाच खांदा धरलेला होता, तरी त्याने हे गंभीरपणे सांगितलं. पोस्टमास्तर चष्मा पुसत होते. ते दोघे भाऊ तर म्हणाले, की आम्ही तंबूत गेलोच नव्हतो, आणि तिथेच कोण पुढे बसला होता यावरून एकमेकांवर धावून गेले.

सगळे गेल्यावर मामंजींनी मला हाक मारली. "तू काय करत होतीस?"

"मी पदर सावरत होते."

"हं. सगळ्यांनाच नेमकं तेव्हा काम निघालं म्हणायचं." त्यांच्या मिशीचं टोक हललं. मग पानावर बसले आणि दोनदा भात मागून घेतला. दुसऱ्या दिवशी पाण्याची पाळीही लावून दिली.

तंबूत मात्र एक नवी रीत पडली. रीळ तुटलं की ऑपरेटर आधी ओरडायचा, "दिवा लावतो हं, भाऊ!" आणि थांबायचा. सगळा तंबू अंधारात गप्प बसून राहायचा. पोरंसुद्धा चुळबुळ करत नसत. काही वेळाने दोरापलीकडून मामंजींचा भारदस्त खोकला यायचा, मगच दिवा लागायचा. दिव्यात भाऊ दगडासारखे बसलेले दिसत आणि गाव त्यांच्याकडे आदराने बघे. असं कित्येक हंगाम चाललं. मला मुलं झाली, तेव्हा शेजाऱ्यांची पोरं मागायचीही गरज उरली नाही.

मामंजी एका श्रावणात गेले. ताप आला आणि चार दिवसांत संपलं. गावात इतके लोक आले की ओटी पुरली नाही, आणि जो तो म्हणत होता, असा करारी माणूस पुन्हा होणे नाही. ते खोटं नव्हतं, पण मला ते अर्धंच वाटत होतं आणि उरलेलं अर्धं सांगायची चोरी होती. ते ओझं मी मनात घेऊन वावरत होते.

दिवाळीनंतर तंबू आला. "पोरांना घेऊन जा," सासूबाईच म्हणाल्या, "त्यांना आवडलं असतं." बगळ्याचं रीळ आता पार झिजलं होतं. मध्येच तुटलं. अंधार झाला आणि ऑपरेटर सवयीने ओरडला, "दिवा लावतो हं, भाऊ!"

बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं असावं, कारण पुढे त्याचा आवाज आला नाही. पण त्याने दिवाही लावला नाही, आणि लाव म्हणून कुणी ओरडलंही नाही. भरलेला तंबू तसाच बसून राहिला. माझ्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि पोटात हसूही मावत नव्हतं. अशा तोंडाने दिव्यात बसणं भाऊंच्या सुनेला शोभलं नसतं. मी पदराने तोंड स्वच्छ पुसलं, मान ताठ केली आणि खोकले.