वाचन : उत्तम

भूकंपानं आमच्या गावातल्या बहुतेक भिंती पाडल्या, पण शाळेची गुणवत्ता मात्र वाढवली. हे मी विनोदासाठी लिहीत नाही. कागदोपत्री तसंच झालं आहे, आणि ते कागद माझ्या हातचे आहेत.

निलंगा तालुक्यातल्या एका लहान गावात मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर होतो. दोन खोल्या, चार वर्ग, दोन गुरुजी. त्यातला मुख्याध्यापक मी, म्हणजे कपाटाची किल्ली माझ्याकडे. भूकंपात दोन्ही खोल्या बसल्या. मुलं तेव्हा घरी झोपलेली होती आणि काही घरीच राहिली. त्यांच्याविषयी मी इथे लिहिणार नाही, तिथे माझी थट्टा चालत नाही. मी लिहितो आहे ते कपाटाविषयी. ते ढिगाऱ्याखाली गेलं, वरून पाऊस झाला, आणि शाळेच्या दप्तराचा लगदा झाला.

काही आठवड्यांनी वरून आदेश आला की नष्ट झालेलं दप्तर पुन्हा तयार करा. नावं आणि जन्मतारखा पालकांना विचारून घेतल्या. पण कोणाला किती वाचता येत होतं, हे कोणाला विचारणार? ते मलाच ठाऊक होतं. पत्र्याच्या शेडमध्ये लोखंडी पेटीवर वही ठेवून मी लिहायला बसलो. पहिल्या नावापुढे 'वाचन : उत्तम' लिहिलं. त्या मुलाला खरंच वाचता यायचं. दुसऱ्यापुढे 'बरे' लिहिणार होतो, पण त्याचं घर पडलं होतं. घर पडलेल्या मुलाला 'बरे' लिहायला हात धजेना. तिसऱ्यापासून मी विचार करणं सोडलं आणि 'उत्तम'च्या खाली दोन टिकल्या देत गेलो. वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे, पान संपेपर्यंत. तीन वर्षांत मला जे जमलं नव्हतं ते एका दुपारी झालं. अख्खी शाळा वाचायला लागली.

त्या टिकल्यांमध्ये एक मुलगी होती. गावातल्या किराणा दुकानदाराची लेक, तिसरीतली. पहिलीपासून माझ्याच हाताखाली. डोकं तल्लख. पाठ एकदा कानावरून गेला की तोंडपाठ. पण पुस्तकातलं 'घर' ती 'धर' वाचायची आणि 'भात'चा 'मात' करायची. वेलांटी कुठल्या बाजूला गेली हे तिला कधी सापडायचं नाही. मी माझ्याजवळच्या सगळ्या पद्धती वापरल्या होत्या. मोठ्यानं म्हण, दहा वेळा लिही, आणि शेवटी कान. या पद्धतींनी काही येत नाही, पण तास संपतो. तपासणीला साहेब आले की मी तिच्याच हातात पुस्तक द्यायचो. पान कुठलं ते फक्त कानात सांगायचं, की ती पाठ घडाघडा म्हणून दाखवायची. साहेब खूश होऊन चहाला बसायचे.

भूकंपानंतर गावात संस्था आल्या. कोणी ब्लँकेटं आणली, कोणी गाण्याच्या कॅसेटी. एका संस्थेची एक तरुण ताई मात्र राहिली. ती रोज शेडच्या कोपऱ्यात या मुलीला घेऊन बसायची. परातीत ज्वारी पसरायची आणि तिच्या बोटानं त्यात अक्षर काढून घ्यायची. एका दिवशी एकच अक्षर. 'घ'ला वरून कसं बंद करायचं आणि 'ध'ला डोक्यावर गाठ कशी मारायची, हे तिनं डोळ्यांना नव्हे, बोटाला शिकवलं. आठवडाभरानं ती माझ्याकडे आली.

"गुरुजी, हिला आधीपासूनच वाचता येत नव्हतं ना?"

"धक्का बसलाय तिला," मी म्हणालो. "भूकंपाचा."

"धक्का बसला असता तर पाठही विसरली असती. कविता सगळ्या येतात तिला. फक्त अक्षरं लागत नाहीत. अशी मुलं असतात, त्यांना वेगळ्या रीतीनं शिकवावं लागतं."

मी पेटीतून वही काढून तिच्यापुढे धरली. तिनं पान खालपर्यंत पाहिलं.

"गुरुजी, या पानावर सगळेच उत्तम आहेत."

"शाळा चांगली होती," मी म्हणालो.

ती हसली नाही. दोन-अडीच महिन्यांत त्या मुलीला छोटे शब्द वाचता यायला लागले. 'घर' तर न चुकता. जाताना ताईनं मला परात दाखवली, रोज अर्धा तास करा म्हणाली, आणि वहीत खरं काय ते लिहून ठेवा असंही म्हणाली. मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'भूकंपाच्या धक्क्यामुळे वाचनावर परिणाम.' पहिलीपासून येत नव्हतं असं लिहिलं असतं, तर तीन वर्षं तुम्ही काय करत होता, असा प्रश्न आला असता. त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं, म्हणूनच तो प्रश्न मला नको होता.

परात मी घरी नेली. तिच्यात ज्वारी निवडली जायची.

'धक्का' हा शब्द पुढे सगळ्यांनाच आवडला. पाहुणे आले की मी मुलीला पुढे उभं करायचो आणि सांगायचो, वाचायची हो ही, पण धक्का बसला. पाहुण्यांचे डोळे भरून यायचे. धक्का आज ना उद्या ओसरेल, म्हणून आम्ही सगळे थांबलो. माझ्या शाळेत इतकं नियमित दुसरं काही चालत नव्हतं. मला आदर्श शिक्षक म्हणून शालही मिळाली.

पुढे लातुरात शिकवण्यांचं पीक आलं. मी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि तिथे क्लास काढला. गल्लोगल्ली मेस, गल्लोगल्ली भाड्याच्या खोल्या, चौकाचौकात हसऱ्या मुलांचे फलक. दर रविवारी परीक्षा. प्रवेशालाही परीक्षा, कारण ज्याला सगळं येतं त्यालाच आम्ही शिकवायला घ्यायचो. मुलं उत्तरं स्वल्पविरामासकट पाठ करायची आणि निकालाच्या दिवशी त्यांचे फोटो लागायचे. मजकूर न समजता घडाघडा म्हणणं ही आता गुणवत्ता ठरली होती. आमच्या गावची ती मुलगी हे तिसरीतच करत होती. तिला फक्त कागदावर उतरवता येत नव्हतं.

माझ्या फलकावर माझाही फोटो होता. खाली ओळ होती, 'भूकंपग्रस्त भागातील आदर्श गुरुजी'.

प्रवेशाच्या दिवसांत एकदा तिचे वडील आले. त्यांना गावात सगळे आप्पा म्हणायचे. मुलगी दहावीला बसणार होती. अशा मुलांना बोर्डाच्या परीक्षेत वेळ वाढवून मिळतो, लिहायला लेखनिक मिळतो, हे त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. डॉक्टरांचा दाखला लागत होता, आणि डॉक्टरांनी विचारलं होतं की हे लहानपणापासून आहे की भूकंपापासून.

"शाळेचा कागद दाखिवला, तर त्यात उत्तम हाय," आप्पा म्हणाले. "डाक्टर म्हनले, मंग हे त्यातलं न्हाई. गुरुजी, तुमी खरं काय ते लिवून द्या."

"आप्पा, दप्तर शाळेत आहे. त्यात जे आहे ते मी कसं बदलू?"

"तुमीच लिवलंय की ते."

"मीच लिहिलंय, म्हणून तर."

बाहेर पालकांची रांग होती आणि ते ऐकत होते. आप्पा थोडा वेळ फलकाकडे बघत बसले. मग म्हणाले, "बरं, हिला तुमच्या क्लासात तरी घ्या." मी म्हणालो, प्रवेश परीक्षा द्यावी लागेल. ते उठले. टोपी नीट केली आणि रांगेतून वाट काढत गेले.

ती लेखनिकाशिवाय बसली. तोंडीचे गुण तेवढे मिळाले, लेखी सगळे विषय गेले. पुन्हा बसली नाही. देगलूरला, तेलुगू बोलणाऱ्या घरात तिचं लग्न झालं. आप्पा आता नाहीत.

मी आता नांदेडला मुलाकडे असतो. गेल्या महिन्यात सकाळीच ती दारात आली. सोबत आठ-नऊ वर्षांची लेक. पाया पडली, बसली, पाणी प्यायली आणि कामाचं बोलायला लागली.

"गुरुजी, हिचं माझ्यावानीच हाय. शाळेत बाई म्हनते, घरात तेलुगू, शाळेत मराठी, गोंधळ व्हतो, मोठी झाली की जाईल. तेलुगू जायची वाट बगून राहिले सगळे. मी हिला हितं सरकारी दवाखान्यात आनलं. ते इचारतात, घरात अजून कुनाला व्हतं का. मी म्हनलं मला. तर हिचा बाप म्हनतो, तुझं भूकंपाचं हाय, कागदावर लिवलंय."

"मग?"

"मंग काय, तुमी सांगा. भूकंपाच्या आदी मला येत व्हतं का?"

लेक सोफ्यावरून पाय हलवत माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "नाही."

"हेच लिवून पायजे. घरान्यात हाय म्हनलं की डाक्टर पुढची तपासनी करतील. हिला शिकवायला येगळी बाई मिळते म्हनं. खिडकी बारा वाजता बंद व्हती."

मी कागद घेतला. 'सदर विद्यार्थिनी पहिलीपासून माझ्या वर्गात होती. ती भूकंपापूर्वीही वाचनात कच्ची होती. नंतर तयार केलेल्या दप्तरातील नोंद मी खोटी केली आहे.' सही केली आणि कागद तिच्या हातात दिला. तिनं तो माझ्याकडे परत धरला.

"वाचून दाखवा की. मला कुठं येतं."

मी वाचलं. 'कच्ची' आल्यावर तिनं हात वर केला.

"कच्ची कामून?"

"म्हणजे येत नव्हतं असं."

"येत न्हवतं हे बरोबर हाय. पन त्या ताईनं ज्वारीत शिकवलं तवा यायला लागलं व्हतं. मंग कच्ची मी कशी?"

"काय लिहू मग?"

"झालं ते लिवा."

मी दुसरा कागद घेतला. 'तिला वाचता येत नव्हते. तिला कसे शिकवावे हे मला ठाऊक नव्हते. ते मला दाखवण्यात आले, आणि तिला वाचता येऊ लागले. मी ते पुढे चालू ठेवले नाही.' दप्तराचं वाक्य तसंच ठेवलं. वाचून दाखवलं. ती ऐकत होती, पाठ करताना ऐकायची तशी, मान थोडी खाली घालून. मग तिनं कागदाची घडी केली.

"ह्याच्या दोन झेरॉक्स काढते. एक दवाखान्यात, एक हिच्या शाळेत."

"तिसरी पण काढ," मी म्हणालो. "आपल्या गावच्या शाळेत पाठवतो. तिथल्या दप्तरात लागली पाहिजे."

तिनं लेकीला चपला घालायला लावल्या आणि पिशवी खांद्याला अडकवली.

"ते तुमचं तुमी बगा, गुरुजी. मला बारापर्यंत पोचायचंय."