वायरमनला लागलेला चकवा

आण्णांना भर दुपारी दोन वाजता चकवा लागला, असं आई फोनवर म्हणाली आणि माझं टाळकंच सरकलं. चकवा म्हणजे रात्रीच्या रानातली भुताटकी. माणसाला एकाच बांधाभोवती गरगर फिरवते आणि उजाडलं की सोडते. लहानपणी हे आईनंच सांगितलेलं. मग दुपारी दोनला कसला चकवा?

आणि लागला कुणाला, तर माझ्या वडिलांना, गोरक्षनाथ वायरमनला. पारनेरकडच्या आमच्या गावात तीस वर्षं रात्री-अपरात्री डीपीवर जाऊन फ्यूज टाकणाऱ्या माणसाला. "चकवा-बिकवा काय न्हाई. खांब मोजत चालायचं, घर येतंच," असं ते हसत सांगायचे. तेच आता घरापासून तिसऱ्या खांबाशी बसून राहिले होते. शेजारच्या छगनकाकांनी हाताला धरून आणलं. महिन्यातली ही चौथी वेळ.

मी नगरच्या डॉक्टरांची वेळ घेतली. आईनं दहीभात उतरवून वेशीबाहेर ठेवला. छगनकाकांनी देवऋषी गाठला. या भानगडीत डॉक्टरांची वेळ दोनदा बुडाली. माणूस चुकला, पडला, असंबद्ध बोलला, की गावाकडे एकच शब्द तयार, आणि तो उच्चारला की पुढे कुणी काही करायचं नाही. फोनवर भांडून माझा घसा बसला. शेवटी मीच सासरहून, श्रीरामपूरहून, गाडी करून आले आणि आण्णांना नगरला घेऊन गेले.

तपासण्या झाल्या. मेंदू झिजतोय, गोळ्यांनी वेग थोडा कमी होईल, गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टर त्यांच्यासमोरच म्हणाले. मला वाटलं, आता तरी तो शब्द घरातून जाईल.

परतताना आण्णा खिडकीतून खांब मोजत होते. सतराच्या पुढचा आकडा सापडेना. पुन्हा एकपासून. मग माझ्याकडे वळले.

"दिपे, चकवा उजाडल्यावर सोडतो. डागदर म्हनतो ते कवा सोडतं?"

मी गोळ्यांची पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"मग चकवाच असू दे की," ते म्हणाले.

दारात आई भाकरतुकडा ओवाळायला उभी होती. या वेळी मी तिला अडवलं नाही. राग होताच, पण कुणावर काढायचा ते कळेना. आण्णांना बसवलं, पाण्याचा तांब्या दिला, तळहातावर गोळी ठेवली.

"कशाची गं?"

"चकव्याची."

"किती दिवस घ्यायची?"

"उजाडंस्तोवर," मी म्हणाले.