तोंड बांधलेला सापळा

जानूभाऊ गेले, हे मला शिळफाट्यावर भाजी घेताना फोनवर कळलं. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं... खरं सांगते, दुःखाआधी मला धास्तीच वाटली. पावसाळा तोंडावर होता. आता वाडीतले सापळे कोण बांधून ठेवणार?

आमची ओळखच भांडणातून झाली. खडस हा मासा आमच्या नदीतून नाहीसा होत चालला होता आणि तो वाचवण्याचा आराखडा आखायचं काम माझ्याकडे होतं. पैसा जेमतेम एका जागेपुरता. मी मोठ्या डोहाभोवती कुंपण घालायचं ठरवलं. कातकरीवाडीतले जानूभाऊ माझा नकाशा बघून हसले. "ताई, पान्याला कुंपन? मासा डोहात ऱ्हातो, पन अंडी घालाया वर वढ्याला जातो. तिथं बंधाऱ्यावर डोकं आपटतो, त्याचं काय?" मी चिडले, पण दुसऱ्या दिवशी बघायला गेले. बंधाऱ्याच्या लाकडी फळ्या पावसाळ्याआधी काढायच्या असतात; त्या वर्षानुवर्षं कुणी काढल्याच नव्हत्या. पहारी घेऊन गेलो, एका दिवसात निघाल्या. माझं कुंपण कागदावरच राहिलं, ते बरंच झालं.

खरं अवघड पुढे होतं. वलगणीला, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला मासे ओढ्यात चढतात तेव्हा, अख्खी वाडी पाण्यात उतरते. त्या दिवसांत हाताला काम नसतं, घरात दुसरं कालवणही नसतं. जानूभाऊंनी आपल्या बांबूच्या सापळ्याचं तोंड सुतळीने बांधलं आणि तो दारावर टांगला. "चढता मासा पोटुशी हाय. उतरंल तवा धरू," एवढंच म्हणाले. लोकांनी शिव्या घातल्या, सख्खा पुतण्या महिनाभर बोलला नाही. भाऊंनी सुतळी सोडली नाही. हळूहळू दुसऱ्या दारांवरही बांधलेले सापळे दिसायला लागले. तिसऱ्या वर्षी बंधाऱ्याच्या वर बोटाएवढी खडसाची पिल्लं दिसली, तेव्हा या माणसाने मला चपलांसकट पाण्यात ओढलं होतं. फार आठवण येते त्यांची.

परवा ओढा चढला तशी मी वाडी गाठली. भाऊंच्या दारावर सापळा होता, तोंडाला नवी सुतळी. उंबऱ्यात पारूबाई, भाऊंची बायको, आणि समोर तोच पुतण्या आपला सापळा घेऊन उभा.

"काकी, यंदा काका नाय. लावू का?"

"काका नाय रं. मासं हायत ना?"

त्याने सापळा उंबऱ्याशी टेकवला. मग त्याने उरलेली सुतळी मागून घेतली.