गंजाच्या दोन नोंदी

अवो बाई, अशी उंबऱ्यात काय बसली पाहुणीसारखी? सरक जवळ. अन् तो मोबाईल ठेव खाली, मी बोलून राह्यली अन् तू बोटं फिरवून राह्यली! हे मी आजवर कोणालेच सांगितलं नाही. आमच्या ह्यांनाही नाही.

तुले माहीत हाय, साठी उलटल्यावर मी व्हिडिओ पाहून पाहून प्रोग्राम लिहायले शिकली. मंगरूळपीरले आमच्या बचत गटाचे लग्नाकार्याचे भांडे हायेत. भात-भाजीचे मोठाले गंज, पराती, कढया. कोणतं भांडं कोणाकडं, याच्यावरून रोजची भांडणं. मंग म्या प्रोग्राम केला. त्यात हरेक भांडं म्हणजे एक ऑब्जेक्ट, आपापली कहाणी सांभाळणारा. 'गंज कुठं हाय' हे कुठंच लिहून ठेवायचं नाही. फक्त घडलेलं लिहायचं — गेला, आला, गेला, आला. विचारलं का प्रोग्राम पयल्यापासून सगळं परत चालवते अन् सांगते, गंज अमकीच्या घरी. नियम एकच : घडलेलं पुसायचं नाही. चुकलं तं नवीन नोंद घालून दुरुस्त करायचं. हे म्या इतक्या वेळा सांगितलं, का बाया मले पाहून रस्ता बदलत.

आता... कुठून सांगू? लोणच्यापासून?

ॲल्युमिनियमच्या गंजात लोणचं घालायचं नाही, हाही गटाचा नियम. कोणी केला? म्याच. शबानानं तिच्या घरची दावत झाल्यावर मोठा गंज धुवून खोलीत ठेवला, नोंद झाली. भांड्यांच्या खोलीची किल्ली तिच्याचकडं असे. ती जऊळक्याले बहिणीकडं गेली तवा किल्ली माझ्याकडं देऊन गेली, अन् मी गंज घरी आणला. त्याचीही नोंद केली, इमानदारीनं! कैरी भरली, मीठ ओतलं, झाकण लावलं अन् विसरली. पावसाळ्यात लग्नं नसतात, गंज कोण विचारते? उघडला तं गंजाच्या बुडाले भोकं. चाळणी, बाई, चाळणी!

लिहायचं एवढंच होतं — 'गंज खराब झाला, माझ्या हातानं'. जमलं का? नाही. म्या दोन नोंदी पुसल्या. शबानाकडून आला ती, अन् माझ्याकडं गेला ती. मागं काय उरलं? गंज शबानाकडं गेला. बस.

प्रोग्रामचा काय दोष? बैठकीत त्यानं पयल्यापासून चालवलं अन् सगळ्यांसमोर सांगितलं, गंज शबानाकडं.

"काकू, कसम से, म्या तं घासूनपुसून वापस ठेवला!"

"मंग कॉम्प्युटर खोटं कायले बोलीन वं?" आमच्या गटातली विमल म्हणे.

अन् मी? मी चष्मा पुसत म्हटलं, "प्रोग्रामची कोणाशी दुश्मनी नाही."

बायांनी शबानाकडची किल्ली काढून विमलले देली. शबानानं दुसऱ्याच हप्त्यात नवा गंज आणून ठेवला. म्या नोंद केली — आला. प्रोग्राम खुश! अन् तो भोकाचा गंज? त्याले गेरू फासला, माती भरली, कढीपत्ता लावला. असा जोमात आला म्हणून सांगू! अन् पानं न्यायले कोण येते? शबाना. "काकू, तुमच्या हाताले बरकत हाय." सांग, अशा वेळी माणसानं तोंड कुठं लपवावं?

पुसलेल्या नोंदी गुपचूप परत ठेवता आल्या असत्या. पण ती दुसरी लबाडी नाही का? म्हणून आज सकाळी नवीन नोंद घातली — 'दोन नोंदी पुसल्या. पुसणारी मी. गंज माझ्याकडं, खराब.' शुक्रवारी बैठक हाय. शबानाले समोर बसवून पयल्यापासून सगळं चालवीन. किल्ली तिची हाय, तिले द्या म्हणीन.

माफी नाही मागणार. मागितली का शबाना लगेच देऊन टाकीन, तशीच हाय ती. अन् मी मोकळी होऊन घरी येईन — हे बरोबर नाही.

शुक्रवारनंतर माझ्या ओट्यावर कोण येऊन बसते, देव जाणे. तू मात्र येजो बाई. लवकर येजो.